तात्पुरता दात

न्हाणीघराच्या दाराखालच्या फटीत त्यानं जाडसा टॉवेल कोंबला, नळ बारीक सोडून ठेवला आणि ट्रम्पेट ओठाला लावला. मी सांगेपर्यंत वाद्याला हात लावायचा नाही, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. दुखतंय का एवढंच बघायचं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. दुखलं नाही. उलट माउथपीस ओठांच्या मधोमध जाऊन असा बसला की हीच त्याची जागा होती आणि इतकी वर्षं तो भलत्याच घरात भाड्यानं राहत होता. त्यानं श्वास भरून घेतला आणि फुंकलं.

आवाज निघाला तो मोठा, सरळ आणि चांगलाच उद्धट. फरशांवर आपटून तो त्याच्याच अंगावर परत आला. त्यानं दचकून ट्रम्पेट खाली घेतला. बाहेर, स्वयंपाकघरात, भांडी वाजत होती. मग त्यानं पुन्हा फुंकलं आणि या वेळी एकेक सूर ओलांडत वर चढत गेला, अगदी तिथवर, जिथं उभ्या आयुष्यात तो कधी पोचला नव्हता. वरचा सूर लागला. जरा फाटका लागला, पण लागला. आरशातला टक्कल पडलेला माणूस हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

त्याचा वरचा, पुढचा एक दात पहिल्यापासून वाकडा. शेजारच्या दातावर अर्धा चढलेला आणि शिवाय पुढं आलेला. ऐन विशीत तो कारखान्याच्या बँडमध्ये भरती व्हायला गेला, तेव्हा बँडमास्तरनं त्याला तोंड उघडायला लावलं, आत डोकावून बघितलं आणि म्हणाला, "तू ढोल घे." त्यानं घेतला नाही. माउथपीस कडेला सरकवून, दाताला चुकवून वाजवायची युक्ती त्यानं काढली. त्यामुळे सुराच्या आधी थोडी हवा सुटायची आणि सूर किंचित उशिरा यायचा. वर जायचं म्हटलं की दात ओठात रुतायचा, म्हणून तो वर जायचाच नाही. लांबलचक ओळीतला शेवटचा सूर धरवायचा नाही, म्हणून सोडून द्यायचा. बँडमास्तरनं त्याला काढून टाकलं आणि जॅझवाल्यांनी उचलून घेतलं.

मग मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये जेवणारी माणसं हातातला घास तसाच धरून ऐकू लागली. पहिली रेकॉर्ड निघाली. हा माणूस सूर लावत नाही, सुराची वाट बघायला लावतो, असं एका समीक्षकानं लिहिलं आणि झालं. सुटणाऱ्या हवेला लोक उसासा म्हणू लागले, उशिराला धीर म्हणू लागले आणि न लागणाऱ्या वरच्या सुरांना संयम. हातचं राखून वाजवतो, म्हणाले. राखायला हातात होतं काय, हे कुणी विचारलं नाही. कुणीतरी त्याला 'मौनी' म्हणालं आणि ते नाव चिकटलं. फुंकून पोट भरणाऱ्या माणसाला मौनी म्हणायचं यातला विनोद त्याच्याशिवाय कुणाच्या ध्यानात आला नाही. नव्या दमाचे वाजवणारे त्याची नक्कल करू लागले; एकानं तर म्हणे कानस घेऊन स्वतःचा चांगला दात घासला.

लोक ज्याला संयम म्हणत होते तो दात होता. हे त्यानं कधी सांगितलं नाही. आधी लाज वाटायची म्हणून, आणि पुढं सांगून उपयोग नव्हता म्हणून. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कार्यक्रमात तो शेवटचा सूर सोडून द्यायचा, तेव्हा समोरची माणसं डोळे मिटून तो मनातल्या मनात पुरा करायची, आणि त्याला मात्र उठून ओरडावंसं वाटायचं.

तो दात मागच्या आठवड्यात पेपरमिंटची गोळी चावताना मुळापाशी मोडला. घरात सुतकी चेहरे झाले. डॉक्टरांनी मुळाचं काय ते काम केलं आणि तात्पुरता एक दात बसवून दिला, सरळ, चारचौघांचा असतो तसा.

"कायमचा करताना तुमचा होता तसाच करू," ते म्हणाले होते, "पण तुकडे इतके झालेत की सगळं अंदाजानंच करावं लागेल."

सुंठीवाचून खोकला गेला, असं त्याच्या मनात आलं होतं. तोंडानं तो नुसता हुं म्हणाला होता.

तो न्हाणीघरातून बाहेर आला तेव्हा बायको ओट्यापाशी कप विसळत होती.

"अहो, खालच्या मजल्यावर कुणी नवीन राहायला आलंय का?"

"का गं?"

"ट्रम्पेट वाजवत होतं कुणीतरी. ऐकलं नाही तुम्ही?"

"नळ चालू होता."

"भलताच धसमुसळा आहे," ती म्हणाली. "रोज असं चालणार असेल तर कठीण आहे."

त्यानं कप पुसायला घेतले. सांगावंसं त्याला फार वाटत होतं. पण तिच्याआधी मेहुण्याला सांगणं बरं, असं त्यानं ठरवलं. बायकोचा हा धाकटा भाऊ पहिल्या रेकॉर्डपासून त्याच्या जोडीला पियानोवर होता. आता त्याच पहिल्या रेकॉर्डच्या वाढदिवसाचा मोठा कार्यक्रम ठरला होता, आणि त्याची सगळी उस्तवारी मेहुणाच करत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यक्रमाचा हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचून भिंतीला लावलेल्या, एक बाई लांबवर फरशी पुसत होती. मेहुणा पियानोचं झाकण उघडून बसला. त्यानं पेटीतून आपला ट्रम्पेट काढला, आणि जे न्हाणीघरात वाजवलं होतं ते वाजवलं. मग त्याहून पुढचंही वाजवलं. ओळी धरून ठेवल्या, शेवटचे सूर छातीतली हवा संपेपर्यंत ताणले. वर गेला, तिथंच थोडा घुटमळला, हसत खाली आला. फरशी पुसणाऱ्या बाईनं काम थांबवून कमरेवर हात ठेवले. मेहुण्याचे हात मात्र पूर्ण वेळ मांडीवरच होते.

"मजा आली, भाऊजी," तो अखेर म्हणाला. "खरंच मजा आली."

"मग तू का नाही वाजवलंस?"

"कुठं वाजवू?"

"म्हणजे?"

"तुम्ही जागा सोडता ना, त्या जागेत मी राहतो. माझं सगळं बिऱ्हाड तिथं आहे. तुम्ही थांबायचं आणि मी दोन बोटं टेकवायची, एवढंच मला येतं. आता तुम्ही सगळंच घर घेऊन बसलात."

"शिकशील की. मीही शिकतोच आहे."

मेहुण्यानं आपली बोटं त्याच्यापुढं धरली. सांधे सुजून ती आल्याच्या कुड्यांसारखी झाली होती.

"हे बघा, तुमच्या नावावर लोक येणार आहेत. मौनीला ऐकायला येणार आहेत. हे ऐकवलंत तर म्हणतील, म्हातारपणी चळ लागला. मला म्हणाले तर चालेल हो. तुम्हाला म्हणालेलं मला ऐकवणार नाही."

मेहुण्याचं बोलणं इतकं मायेचं होतं की भांडायलाही जागा उरली नाही. त्यानं ट्रम्पेट पुसून पेटीत ठेवला. घरी जाताना मात्र त्याचं ठरलं. घरच्यांशी बोलण्यात अर्थ नाही, सरळ डॉक्टरांनाच सांगायचं की हाच दात कायमचा करा. एकदा बसला की बसला. पुढं ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं काही गपचूप ठरवलं होतं, आणि त्या गुपिताच्या जोरावर तो दोन दिवस घरात शीळ घालत फिरला.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी बायको चपला घालून दारात उभी होती.

"तू कशाला? बसून कंटाळशील."

"कंटाळेन तर कंटाळेन," ती म्हणाली. तिच्या खांद्याला नेहमीपेक्षा मोठी पिशवी होती.

डॉक्टर तरुण होते आणि त्याचे मोठे चाहते. शिकत असताना खोलीत रेकॉर्ड एकच होती, ती तुमची, हे ते प्रत्येक भेटीत सांगायचे. त्या दिवशीही सांगून झालं. बायको कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली. तो खुर्चीत आडवा झाला, डोक्यावरचा दिवा लागला, आणि डॉक्टर तोंडात आरसा घालणार एवढ्यात त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"डॉक्टर, हा आहे तसाच कायमचा करा."

"सरळ?"

"सरळ."

डॉक्टरांनी आरसा खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला आणि मग सुटका.

"खरं सांगू का? फार बरं वाटलं. तुमचा दात अंदाजानं घडवायचा म्हणजे... माझ्या हातून काही कमीजास्त झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं. पण वाजवायला जमेल ना?"

"जमेल. वाजवून बघितलंय."

"मग प्रश्नच मिटला. सरळ तर अगदी सोपं काम आहे."

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्यानं डोळे मिटले. खुर्चीचं रेक्झिन पाठीला गार लागत होतं. कोपऱ्यात पिशवीची चेन उघडल्याचा आवाज झाला.

"डॉक्टर," बायको म्हणाली, "याचा काही उपयोग होईल का बघा."

तिनं कापसात गुंडाळलेली एक वस्तू पुढं केली. डॉक्टरांनी कापूस उलगडला. आत प्लास्टरचा जबडा होता, वरचा, जुनाट पिवळा पडलेला. पुढचा एक दात शेजारच्यावर चढून बसला होता. डॉक्टर तो खिडकीपाशी घेऊन गेले आणि उजेडात फिरवून फिरवून बघत राहिले.

"हा तर तोच आहे," ते म्हणाले. "अहो, हा तोच आहे! आता केसाचाही फरक पडणार नाही."

तो खुर्चीत उठून बसला. फार वर्षांपूर्वी एका दुसऱ्याच डॉक्टरांकडे तिनं त्याला ओढत नेलं होतं, हे त्याला आठवलं. तोंडात कसलीशी गुलाबी लगदी भरली होती आणि ती घट्ट होईपर्यंत त्याला दात रोवून बसायला लावलं होतं.

"तू म्हणाली होतीस, मी झोपेत दात खातो."

"खात नव्हता."

"मग?"

"तुमचं सगळं त्या एका दातावर उभं आहे, हे मला माहीत होतं. पहिल्यापासून. लोक डोळे मिटून ऐकायचे, मी तुमच्या तोंडाकडे बघत ऐकायचे." ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती. "पण खरं सांगू, विसरूनच गेले होते याला. त्या दिवशी न्हाणीघराच्या दाराशी ओला टॉवेल दिसला, तेव्हा कळलं की वाजवत होता ते तुम्हीच. मी धसमुसळा म्हणाले ते तुम्हालाच. मला ओळखूच आलं नाही हो. आपल्याच घरात परका माणूस वाजवतोय असं वाटलं. मग सगळं कपाट उपसलं."

"तो मीच होतो."

"म्हणून तर घाबरले."

डॉक्टर जबडा हातात धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होते. त्यांनी घसा साफ केला.

"मग कसं करायचं?"

त्यानं बायकोकडे बघितलं. बंद गुंडाळून गुंडाळून तिच्या बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, आणि ती ते सोडत नव्हती. नको म्हणायला त्याच्यापाशी शब्द होता, आणि तो फार लहान होता. डॉक्टर वाट बघत होते, ती वाट बघत होती. लोकांना वाट बघायला लावणं हा तर त्याचा धंदाच होता. त्यानं डोकं मागं टेकवलं आणि तोंड उघडलं.

दात तयार झाला तेव्हा मेहुणाही बरोबर आला. डॉक्टरांनी तो बसवला, आरसा दिला, आणि मग संकोचून म्हणाले, "इथंच थोडं वाजवून बघता का? म्हणजे काही खुपत असेल तर लगेच..."

त्यानं माउथपीस ओठांच्या मधोमध ठेवून बघितला. तो तिथं राहीना, आपोआप कडेला घसरला आणि जुन्या जागी जाऊन थांबला. त्यानं फुंकलं. आधी थोडी हवा सुटली, मग सूर आला, किंचित उशिरा. बाहेरच्या टेबलावरची मुलगी फोन बाजूला धरून दारात येऊन उभी राहिली. मेहुण्याची सुजलेली दोन बोटं औषधांच्या ट्रेच्या कडेवर बरोबर जागा धरून टेकत होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर घर परत मिळालेल्या माणसाचं हसू होतं. बायकोनं रुमालानं डोळे पुसले.

"आलं परत," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "आलं."

डॉक्टरांनी प्लास्टरचा जबडा नव्या कापसात गुंडाळून तिच्या हातात दिला. तिनं तो पिशवीत ठेवला, पुन्हा बाहेर काढला.

"याचे अजून एकदोन करून ठेवता येतील का हो? आमच्या हातून फुटलाबिटला तर."

"एकदोन कशाला?" डॉक्टर उत्साहानं म्हणाले. "मी कॉम्प्युटरवर पूर्ण माप घेऊन ठेवलंय. एकूणएक दात. आता काहीही होऊ दे, तुमचं तोंड आहे तसंच राहील."

सगळे त्याच्याकडे बघून हसले. तोही हसला, आणि ट्रम्पेटमध्ये साचलेलं पाणी बेसिनमध्ये काढू लागला.