दोन डाव्या बाह्या

इंग्रजीच्या बाईंना फक्त तुलना शिकवायची होती, शिंप्यांचं घर फोडायचं नव्हतं. पण गृहपाठच त्यांनी असा दिला की बस! घरच्या माणसांची एकमेकांशी तुलना करणारी दहा वाक्यं. वाक्यं खरी हवीत, आणि ज्यांची तुलना केली त्या सगळ्यांच्या सह्या खाली हव्यात. सोमवारी ज्याची वही पूर्ण, तोच शाळेकडून वक्तृत्वस्पर्धेला उभा राहणार.

शिंप्यांच्या मुलीला, तोफेला, उभं राहायचंच होतं. गेल्या वर्षापर्यंत घरात तिला पुटपुटी म्हणत. वर्गात तिची हजेरीसुद्धा बाकावरची शेजारीण द्यायची. मग स्नेहसंमेलनात ऐन वेळी माइक बंद पडला आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू गेली. त्या दिवशी पुटपुटीची तोफ झाली आणि घरातली शांतता कायमची गेली.

रविवारी दुपारपर्यंत नऊ वाक्यं झाली. काकांची मिशी बाबांच्या मिशीपेक्षा लांब: दोघांनी हसत सह्या केल्या. दहावं वाक्य लिहून तोफ धडाधड जिना उतरून खाली दुकानात आली.

दुकानात दोन मशिनी एकमेकींना खेटून. एकीवर बाबा, दुसरीवर काका. मागच्या स्टुलावर आई काजं करी, बटणं लावी, दोघांनी बिघडवलेलं निस्तरी. दुकानात याला ‘मदत’ म्हणत.

“अंकल स्टिचेस फास्टर दॅन फादर!” तोफेने समोरच्या चप्पलवाल्यालाही ऐकू जाईल असं वाचलं.

“म्हणजे?” बाबांचा पाय थांबला.

“काका तुमच्यापेक्षा भराभर शिवतात.”

“आण इकडे वही!” काकांनी सही ठोकलीसुद्धा.

“मी नाही करणार,” बाबा म्हणाले. “मी नीट शिवतो, असं लिही.”

“दादा, तुझं नीट शिवून होईपर्यंत गिऱ्हाइकाचं पोट सुटतं. पुन्हा मापं घ्यावी लागतात.”

“आणि गिऱ्हाईक शिंकलं की तुझी शिवण उसवते!”

“अहो, भांडा खुशाल, पण सही करून भांडा ना!” तोफ कडाडली.

पाच वाजता बँकेतले साहेब त्यांचा काळा कोट न्यायला येणार होते. कोट झाला होता, बाह्या तेवढ्या राहिल्या होत्या. ठरलं! एकेकाने एकेक बाही शिवायची आणि निकाल लावून टाकायचा. पंच अर्थातच तोफ.

मशिनी धडधडू लागल्या. “अंकल इज फास्टर! फादर इज स्लोअर, बट मोअर केअरफुल!” चप्पलवाला हातातला जोडा घेऊनच दारात येऊन उभा राहिला. काकांची बाही दहा मिनिटं आधी झाली. बाबांची शिवण फूटपट्टीने आखल्यासारखी आली. दोघेही आपणच जिंकल्याच्या थाटात मागे रेलले.

आईने दोन्ही बाह्या उचलून कोटाला लावून पाहिल्या.

“सुरेख झाल्यात. पण साहेबांना दोन डावे हात आहेत का?”

आजोबांनी दोन्ही मुलांना एकच शिकवण दिली होती: आधी डावी बाही, मग उजवी. त्यात कापड दोन्ही बाजूंनी सारखंच काळं. दोघांनीही इमानेइतबारे डावीच शिवली होती.

“तुझी उसव,” बाबा म्हणाले.

“माझी का? माझी आधी झालीये.”

“माझी चांगली झालीये.”

घड्याळ चार वाजून वीस मिनिटं दाखवत होतं. आईने बटणं खाली ठेवली. “सरका, भावजी,” म्हणून ती काकांच्या मशिनीवर बसली. बाही उसवली, कापड उलटवलं, उजवी शिवली, दोन्ही बाह्या कोटाला जोडल्या. तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे एक शब्द बोलली नाही.

पाचला साहेबांनी दोन्ही हात वर करून पाहिले, खाली करून पाहिले. “वा! कुणी शिवला?” एरवी दोघे भाऊ एका सुरात “मी” म्हणायचे. आज दोघेही खाली वाकून कात्री शोधू लागले.

साहेब जाताच तोफेने जुनं वाक्य खोडून नवं लिहिलं आणि मोठ्याने अर्थ सांगितला: “बाबा आणि काकांपेक्षा आई भराभर आणि नीट शिवते!”

बाबांनी तिरक्या नजरेने भावाकडे पाहिलं. “यात हा माझ्यापेक्षा बरा, असं कुठे नाही ना?”

“नाही.”

दोघांनी झटकन सह्या केल्या.

“मी नाही करणार,” आई म्हणाली.

“आई! खरं आहे ना पण?”

“खरं आहे म्हणूनच. सही केली की उद्यापासून कोट माझ्याकडे, बटणं माझ्याकडे, वर घरातली भांडीही माझ्याकडेच.”

“मग माझी स्पर्धा?” तोफ पुटपुटली. किती तरी महिन्यांनी तो आवाज घरात ऐकू आला.

आईने वही ओढून घेतली. “अकरावं लिही. बाबा आणि काका माझ्यापेक्षा भांडी स्वच्छ घासतात.”

“पण वाक्यं खरी हवीत!”

“होतील की. सकाळपर्यंत वेळ आहे. हे खरं झालं की दहाव्याखालीही सही करते.”

संध्याकाळी दोघे शिंपी बाह्या वर करून सिंकपाशी उभे. “दादा, तुझ्या कढईची कड राहिली.” “तू आधी तुझा तवा बघ.” आई खुर्चीत बसून एकेक भांडं उजेडात धरून पाही.

“ही माझ्याइतकीच झालीये,” ती कढई परत देत म्हणाली. “वाक्यात काय आहे? माझ्यापेक्षा.”

तोफेने हळूच वही उघडली. दहाव्या वाक्याखाली आईची सही केव्हाच झाली होती. ओरडायला तोंड उघडलं, तोच आईने नुसत्या भुवया वर केल्या.

आणि तोफ आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम गप्प बसली.