पाठीवर प्राणवायू, छातीत धाप

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. किती जुना ते मात्र विचारू नका, कारण वयाच्या बाबतीत मी थापा मारतो. बाकी सगळं खरं सांगतो. निदान बरंचसं.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! मला क्लच नव्हता, गिअर बदलायला माणसाचा हात लागत नव्हता. पोटातला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स स्वतःच ठरवायचा, कधी वरचा गिअर टाकायचा आणि कधी खालचा. सपाट रस्त्यावर मी असा पळायचो की माझी सावली मागे पडायची आणि संध्याकाळी धापा टाकत मला येऊन मिळायची. गोदामातले हमाल बॉनेटवर थाप मारून म्हणायचे, "गडी जोरदार आहे हं!" कौतुक कोणाला नको असतं? मी फुगलो.

माझा चालक मोठा भिडस्त. त्याचे सासरे मात्र जन्मभर गिअरच्या दांड्याशी झटापट केलेले जुने चालक. शेजारी बसले की सवयीने त्यांचा हात हवेतच गिअर टाकायचा.

"जावईबापू, गाडी तुम्ही चालवता की ती तुम्हाला फिरवून आणते?"

"मामा, बसा हो निवांत."

सासऱ्यांना तो मामा म्हणे आणि सासूबाईंना मामी. मामी डोंगरमाथ्यावरच्या गावात राहायच्या. त्या हिवाळ्यात त्यांना श्वास पुरेना, म्हणून तिथल्या लहानशा दवाखान्यात ठेवलं होतं. दवाखान्यातला प्राणवायू संपत आला होता. खालून भरलेले सिलिंडर वर न्यायचं काम माझ्याकडे आलं.

चूक झाली ती गोदामाच्या दारातच. सिलिंडर चढवून झाले तरी माझ्या हौद्यात जागा उरली, आणि ती नेमकी मामांच्या नजरेस पडली. मामींच्या स्वयंपाकघरासाठी त्यांनी फरशी घेऊन ठेवली होती.

"गाडी वर चाललीच आहे, तर टाकू या की फरशी."

"मामा, चढ फार आहे."

"अहो, जोरदार गडी ना हा? तुमचेच हमाल म्हणतात!"

चालकाला सासऱ्यांना नाही म्हणवेना. मला तर तोंडच नाही. फरशीच्या पेट्या माझ्या पाठीवर चढल्या.

अर्धा घाट बरा गेला. मग हवा विरळ होऊ लागली. इतकी विरळ, की तिथले कावळे उडायचं सोडून रस्त्याच्या कडेने पायी चालले होते. हसू नका, मी आरशात पाहिले आहेत! पण पुढचं ऐका. इंजिनाला नुसतं डिझेल पुरत नाही, ते जळायला हवाही लागते. हवा कमी झाली की जोर कमी होतो. माझा टर्बो जीव खाऊन हवा ओढत होता. पण ओढायला तिथे होतं काय? मागे नुसता काळा धूर सुटला.

चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तेव्हा माझा तो शहाणा गिअरबॉक्स पार गोंधळला. जरा वेग आला की तो वरचा गिअर टाकी. इंजिनाला तो झेपेना, म्हणून लगेच खालचा. पुन्हा वरचा, पुन्हा खालचा. या धरसोडीत त्याचं तेल उकळायला आलं. समोर तांबडा दिवा लागला आणि एका वळणावर मी ठप्प झालो.

"पाहिलंत? दांडा असता तर..."

"दांडा असता म्हणून हवा आली असती का, मामा?" चालक पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला.

मामांनी वळून मागे हौद्याकडे पाहिलं. मग चाचरत म्हणाले, "मागे एवढा प्राणवायू आहे. ह्याच्या नाकाला लावायची का एक नळी?"

खोटं कशाला बोलू, मला मोह झाला.

"भडका उडेल, मामा! आणि तो कोणाच्या वाट्याचा आहे?"

मामा खाली उतरले. हौद्यात चढून त्यांनी पहिली पेटी उचलली. "रंग तिने निवडलाय. दुकानं हिंडून हिंडून माझे जोडे झिजले," एवढंच म्हणाले. दोघांनी सगळी फरशी कडेला उतरवली. तोवर चालकाने मला न्यूट्रलमध्ये चालू ठेवलं, म्हणजे तेल फिरत राहून थंड होईल. तेल निवलं, दिवा विझला.

"आता ह्याला ठरवू द्यायचं नाही," चालक म्हणाला. त्याने मला खालच्याच गिअरमध्ये धरून ठेवलं. मामा स्वतःचा हात मांडीखाली दाबून बसले.

मुंगीच्या चालीने मी निघालो. दवाखान्याचं छप्पर दिसलं, आणि तेवढ्यात माझ्या पोटातलं काहीतरी सुटलं. इंजिन चालू, पण चाकं हलेनात. गिअरबॉक्समधलं जळायचं ते घाटातच जळून गेलं होतं. ओरडायला हॉर्न होता, पण तो वाजवायलाही माणूस लागतो.

वरून नर्स धावत आली. तिच्यामागे स्वयंपाकी आणि पहारेकरी स्ट्रेचर घेऊन आले. सिलिंडर स्ट्रेचरवर चढले. मामा मागून ढकलत होते, थांबत होते, गुडघ्यावर हात टेकून माझ्यासारखेच धापत होते. दार बंद झालं. मी बाहेर उभा. इतका अवजड मी, पण दार किलकिलं करण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती.

बऱ्याच वेळाने चालक आला आणि माझ्या पायरीवर बसला. त्याने डोळे पुसले. मग हसूच आलं त्याला.

"बोलल्या रे मामी! मामांनी सगळं सांगितलं, तर म्हणतात कशा, बिचाऱ्यावर एवढं ओझं लादलंत, तो काय तुमचा जावई आहे?"

मित्रांनो, माझा गिअरबॉक्स पुन्हा दुरुस्त झाला नाही. आता मी गॅरेजच्या मागच्या अंगणात उभा असतो. येणारा जाणारा म्हणतो, ऐन वेळी दगा दिला ह्याने. म्हणू द्या.

तुम्ही मात्र एक करा. चढावर कोणी मागे पडला तर त्याला लगेच दामटू नका. त्याला श्वास पुरतोय का ते बघा, पाठीवरचं थोडं उतरवून घ्या, निवू द्या. माझ्यासारख्यांना "आता बस" म्हणता येत नाही हो. ते तुम्हालाच ओळखावं लागतं.