ओलीवरची तसबीर

मित्रांनो, मी एक जुनी तसबीर आहे. तळ्यात एक होडी, काठाला दोन झाडे, एवढेच माझ्यात आहे. म्हाताऱ्या सुताराने मला सागवानी चौकट बसवली तेव्हा तो म्हणाला होता, "दिवाणखान्याची शोभा होशील बघ." मी हुरळून गेले.

मला विकत घेतले एका घरे विकून देणाऱ्या एजंटाने. त्याचा दिवाणखाना काही माझ्या नशिबी आला नाही. मी राहायचे त्याच्या गाडीच्या डिकीत, जुन्या चादरीत गुंडाळलेली, हातोडीच्या शेजारी. घर दाखवायच्या तासभर आधी तो जायचा, ओलीचा डाग शोधायचा आणि मला नेमके त्यावर टांगायचा. गिऱ्हाईक म्हणायचे, "वा, काय छान चित्र!" माझी पाठ मात्र गार पडलेली असायची. व्यवहार ठरला की मी पुन्हा डिकीत.

एकदा एक नर्स आपल्या दमेकरी आईला घेऊन आली. तिने एकच विचारले, "ओल नाही ना हो कुठे? आईला सोसत नाही."

"छे हो ताई! भिंत खडखडीत आहे. हात लावून बघा ना," असे म्हणून त्याने माझ्यापासून चांगली हातभर लांबची जागा दाखवली.

आजींना मी फार आवडले. एजंट लगेच उदार झाला. "राहू द्या मावशी, आमच्याकडून भेट." मला तोंड असते तर तेव्हाच ओरडले असते.

आजींनी खाट माझ्याखालीच घातली. रोज त्या मला मायेने पुसायच्या आणि रोज त्यांचा खोकला वाढायचा. थंडीत त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. त्या दिवशी नर्सने मला उतरवले आणि मागची काळीहिरवी भिंत पाहिली. "इथेच झोपवलं मी आईला," म्हणून ती रडली. एजंटाने फोनवर कानांवर हात ठेवले.

डॉक्टर म्हणाले, घर बदला. त्यासाठी आधी हे विकायला हवे, आणि ओलीचे घर घेतो कोण? तिने त्याच एजंटाला बोलावले. तो हातोडी घेऊन आला. मला वाटले, आता ही त्याला चांगली फैलावर घेणार. पण तिने मला त्याच्या हातात दिले.

"जरा डावीकडे घ्या," ती म्हणाली. "डागाचा कोपरा दिसतोय."

काल एक जोडपे घर बघून गेले. बाईच्या कडेवर तान्हे बाळ होते. तिने विचारले, "ताई, ओल नाही ना?"

नर्सने एकदा माझ्याकडे पाहिले. "नाही," ती म्हणाली.

ते उद्या पुन्हा येणार आहेत. मित्रांनो, मला पुसू नका, माझे कौतुकही करू नका. घर बघायला गेलात तर फक्त मला खिळ्यावरून खाली उतरवा.