हॅलमसाहेबांची वीट

हिल्डा पेनफोल्डबाई ईस्टरपासून चॅपलला आल्या नव्हत्या. हाय स्ट्रीटवरच्या त्यांच्या घराच्या पाच पायऱ्यांवरून त्या दोनदा घसरल्या, त्यात खुबा गेला. त्यांना हवा होता दाराशी धरायला एक लोखंडी दांडा, बस्स. इकडे भजनात त्यांचा खर्ज नसला की आमचं देवाचं नाव घेणंसुद्धा अळणी होई.

पण घर पडलं सरकारी वारसा यादीतलं. खिळा मारायचा तरी कौन्सिलची परवानगी, आणि तिला आडवे आले वारसा मंडळाचे अध्यक्ष क्रिस्पिन हॅलम. हा गृहस्थ वीस वर्षं याच भिंतीपुढे उभा राहून पाहुण्यांना व्याख्यान झोडतो: अडीचशे वर्षांची, हाताने घडवलेली वीट! विटेचा एवढा कळवळा, की शेजारीण पडली तेव्हा याने आधी पायरीला काही झालं का ते वाकून पाहिलं.

कौन्सिलच्या बाई पाहणीला आल्या, सोबतीला चॅपलकडून मी, तर हॅलमची स्वारी आधीच हजर.

"या विटेला भोक पाडणं म्हणजे खून आहे, खून!"

"आणि मी पडले तर?" पेनफोल्डबाईंनी दारातून विचारलं.

"मागच्या दाराने जात जा की."

"मागून कचरा जातो, क्रिस्पिन."

लेन टिकनर हा गवंडी दांड्याची जागा बघायला आला होता. त्याने भिंतीवर बोटं आपटली. पोकळ. जरा वर आपटली. पोकळच. तो फस्सकन हसला.

"साहेब, वीट कुठाय? विटेच्या तोंडाची कौलं आहेत ही. आत सगळं लाकूड. पूर्वीच्या मालकाने विटेचं घर आहे असं लोकांना दाखवायला ठोकलीत."

हॅलम लालबुंद. "अशक्य!"

"यादीत तसंच लिहिलंय," कौन्सिलच्या बाई कागद उलटत म्हणाल्या. "पहिल्याच ओळीत. तुम्ही वाचली असेल ना?"

वीस वर्षं पोथी सांगितली, पण पोथी उघडायची राहिली होती! तरी गडी पडेल तो कसला. "तेच तर म्हणतोय मी! कौलं तर फारच दुर्मिळ."

"म्हणून भिंतीला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "पायऱ्या एकोणीसशे साठ सालच्या, काँक्रीटच्या आहेत. दांडा पायरीत रोवा. माझी हरकत नाही."

पेनफोल्डबाईंनी डोळे पुसले. मग हात पुढे केला.

"क्रिस्पिन, दांडा बसेपर्यंत जरा धर रे. आजची संध्याकाळची प्रार्थना तरी गाठते."

हॅलम कौलांचे फोटो काढण्यात गुंग होता. एका बाजूने लेनने धरलं, दुसऱ्या बाजूने मी. पाच पायऱ्या उतरायला आम्हाला चांगली दहा मिनिटं लागली, आणि त्या वेळात हा माणूस दोनदा म्हणाला, "जरा बाजूला व्हा, मध्ये येताय."