सात घरांचं दुखणं

शालनचं दुखणं आमच्या वस्तीत वार लावून राहतं. सोमवारी ते दुर्गाताईंकडे असतं, मंगळवारी लोहोकऱ्यांकडे, आणि असं सहा घरं फिरून रविवारी आमच्याकडे येतं. आमच्या घरातून ते मी घेतो. शालन माझी बायको. गेल्या दिवाळीपासून तिला साधी धापही लागलेली नाही.

आमची वस्ती सात घरांची. चूल एक, गोठा एक, विहीर एक. भाताची लावणी सगळ्यांनी मिळून, भांडीही सगळ्यांनी मिळून. डॉक्टरांनी शालनच्या फुफ्फुसांचं सांगितलं, त्या दिवशी दुर्गाताई कामाच्या फळ्यापाशी गेल्या आणि 'गोठा' आणि 'भांडी' यांच्या खाली त्यांनी 'शालनचं दुखणं' असं लिहून टाकलं. गाव करी ते राव न करी, म्हणतात ते खोटं नाही. सकाळच्या चहाला ज्याच्याकडे दुखणं असेल त्याने पुढच्याच्या तळहातावर तळहात ठेवायचा. मग ओठ निळे पडतात, छातीत ओलं घोंगडं कोंबल्यासारखं होतं, आणि दिवसभर ओसरीवरच्या खाटेवर पडून राहायचं. दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा गोठ्यात. लोहोकरे तर एकदा म्हणाले की भांड्यांपेक्षा हे बरं.

या मंगळवारी डॉक्टर आले तेव्हा खाटेवर लोहोकरेच होते. डॉक्टरांनी त्यांची छाती तपासली.

"आता फार दिवस नाहीत," ते म्हणाले. "रविवारी आटोपेल."

"म्हणजे ज्याच्याकडे असेल तो?" लोहोकऱ्यांनी विचारलं.

"तोच."

लोहोकऱ्यांनी बोटांवर वार मोजले. त्यांचा चेहरा उजळला आणि मग त्यांना माझ्याकडे बघवेना.

खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. दुसऱ्या कुणाच्या वाराला आलं असतं तर त्यांच्या घरच्यांना मी तोंड कसं दाखवणार होतो? आणि शालन जगणार होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्यासाठी माझ्या हातून झालेलं हे एकच धड काम ठरलं असतं.

बुधवारी गोठ्यात गेलो तर माझ्या वाट्याचं शेण काढून झालेलं होतं. गुरुवारी मांडणीत माझं ताट नव्हतं, शालनच्या ताटात दोघांचं वाढलं होतं. शुक्रवारी मी पंगतीत बसलो आणि दोन्ही बाजूंची माणसं सरकून खांद्याला खांदा लावून बसली. मी त्यांच्या मधेच होतो, पण कुणाला अडचण झाली नाही. जेवण झाल्यावर शालनने फळा वाचला. पुढच्या आठवड्यात आमच्या घरापुढे तिचं एकटीचं नाव होतं.

शनिवारी दुपारी तिने बैठक बोलावली.

"माझं दुखणं मला परत हवंय," ती म्हणाली.

"अगं, ते आता तुझं कुठे राहिलं?" दुर्गाताई म्हणाल्या. "ते सगळ्यांचं आहे."

"मग सगळ्यांना विचारा."

दुर्गाताईंनी विचारलं. पहिला हात शालननेच वर केला. मग खाली बघत लोहोकऱ्यांनी. मग एकेक करत सगळ्यांनी. दुर्गाताईंच्या डोळ्यांना पाणी लागलं होतं, तरी त्यांचा हात वर होता. त्या दिवशी दुखणं दाऊदभाईंकडे होतं. त्यांनीही खाटेवरून हात उचलला. त्यांची नखं निळी पडली होती.

"नाना, तुमचा?" दुर्गाताईंनी मला विचारलं.

"माझा नाही."

एकमत झाल्याशिवाय बैठकीतून उठायचं नाही असा आमचा नियम आहे. बैल ठेवावा की पॉवर टिलर घ्यावा यावर आम्ही एकदा दोन दिवस बसलो होतो. कुणी हात खाली घेतला नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं आणि भिंतीवरून गेलं. धारा काढायच्या राहिल्या म्हणून गायी हंबरत होत्या. मला सगळ्यांचा राग आला होता, शालनचा सर्वांत जास्त, आणि मी मांडीखाली दोन्ही हात दाबून लहान पोरासारखा हट्टाने बसून होतो.

शालन उठली आणि माझ्याशेजारी येऊन बसली.

"अहो, सगळं एकट्यानेच करायचं होतं तर आपण इथे आलो कशाला?"

"तू गेल्यावर मी काय करू?"

"भांडी," ती म्हणाली. "सोमवारी तुमची आहेत."

तिचा उजवा हात वरच होता. डाव्या हाताने तिने माझा हात मांडीखालून सोडवला, कोपर खालून धरलं आणि हळूहळू वर उचलायला लागली.