फोटोतला कोट

मीच तो. तुमच्या भाच्याने परदेशात पोचल्यावर पाठवलेल्या फोटोत जो रुबाबदार लोकरी कोट दिसतो ना, तो मी बोलतोय. भाच्याचा नाही हो, तिथल्या आपल्या लोकांच्या मंडळाचा! शिवलं मला थंडीसाठी, पण नशिबी आलं मिरवणं.

इमारतीत आपल्याकडचं नवं कुटुंब आलं की मंडळाचे अध्यक्ष मला कपाटातून काढतात. अध्यक्ष म्हणजे सगळ्यांच्या चार वर्षं आधी आलेला माणूस. तेवढ्यावर काय तो तोरा! मला नवऱ्याच्या अंगावर चढवायचं, मग बायकोच्या अंगावर चढवायचं, घरमालकाच्या गाडीला टेकून फोटो काढायचा, की मी परत कपाटात. कुणाच्या पोटावर बटणं लागत नाहीत, मग 'श्वास धरा' म्हणतात. एका गावात तर चार घरांच्या भिंतींवर मी आहे. चौघांनाही वाटतं, आपल्याच पोराने नशीब काढलं.

मग एका नव्या कुटुंबातल्या वहिनी आल्या. त्यांना हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालं. पहाटे पाचची बस आणि अंगात पातळ स्वेटर. पहिल्याच महिन्यात दोनदा तापाने आजारी पडल्या. तिसऱ्यांदा रजा घेतलीस तर येऊच नकोस, असं मुकादमाने बजावलं. त्यांचा गावाकडे पाठवायचा फोटो राहिला होता, तो त्या रविवारी निघाला. वहिनींनी मला घातलं आणि काढलंच नाही.

संध्याकाळी अध्यक्ष दारात.

"वहिनी, कोट द्या. उद्या नवे लोक येताहेत."

"येऊ देत की. कोट मिळायचा नाही."

"अहो, समाजाचा कोट आहे तो! वापरून विटला तर गावाकडे काय दाखवायचं?"

"समाजाला म्हणावं, पहाटे माझ्याबरोबर स्टॉपवर उभा राहा. मग खुशाल घेऊन जा."

यजमान कुजबुजले, "अगं, देऊन टाक. लोकांत राहायचंय आपल्याला."

वहिनींनी गळ्याशी बटण लावलं. "मला उद्या कामावर जायचंय."

मंडळाची तातडीची सभा झाली. वहिनींशी कुणी बोलायचं नाही, नवा कोट आणायचा आणि कपाटाला कुलूप लावायचं, असा ठराव झाला. एकमताने! निम्मे लोक तेव्हा शिंकत होते.

आता माझी रया गेलीय. कोपरं घासलीत, अंगाला साबणाचा वास येतो. पण खरं सांगतो, बरं वाटतं. बसमध्ये वहिनींची थरथर थांबते, तेव्हा कोट कशाला शिवतात ते मला कळतं.

तुमच्याकडे असा फोटो आला, तर भिंतीत खिळा ठोकण्याआधी एक फोन करा. कोटाचं कौतुक नको. "आत्ता अंगात काय घातलंयस?" एवढंच विचारा.