रडक्या कोबीचा पोशाख

मी एक जुना पोशाख आहे. हिरवा, जाड आणि टोचणारा. आपली गोष्ट सांगताना ‘मित्रांनो’ म्हणायचा रिवाज आहे, म्हणून म्हणतो. पण मित्रांनो, आपली मैत्री नाही. मला मुलं आवडत नाहीत. त्यांची बोटं चिकट असतात आणि नाकं वाहती. शिक्षक त्याहून आवडत नाहीत. आणि ज्या बाईंनी मला शिवलं, त्यांचं नाव काढलं तरी माझ्या शिवणी ताणतात.

त्या बाई म्हणजे मिसेस सग्डन. यॉर्कशरमधल्या आमच्या गावात, मूर लेनच्या दगडी शाळेत, त्या सर्वांत लहान मुलांचा वर्ग घेत. त्या काळी ‘परसातली मंडळी’ नावाच्या छोट्या चित्रपुस्तकांनी पोरांना वेड लावलं होतं. एका पुस्तकात एक भाजी आणि त्या भाजीला एकच स्वभाव. लिहिणारा मोठा कंजूष असावा. प्रत्येकाच्या हातावर एकेक स्वभाव टेकवून त्याने जन्मभर पुरवायला सांगितलं होतं. बहाद्दर बटाटा, हुशार कांदा, खोडकर मुळा आणि दणकट भोपळा हे पुरुष. नटवी गाजरबाई, बडबडी शेंगताई, टापटीप काकडीबाई आणि रडकी कोबीबाई या बायका. कोबीबाई पहिल्या पानापासून रडते. शेवटी बहाद्दर बटाटा येतो आणि म्हणतो, हसलीस की किती गोड दिसतेस. ती हसते. पुस्तक संपतं. ती रडत का होती, हे त्या अख्ख्या पुस्तकात कुणी विचारत नाही.

मी त्या कोबीबाईचा पोशाख. इथल्या शाळांत मार्चमध्ये पुस्तक दिन असतो. त्या दिवशी गणवेशाला सुट्टी. पोरं गोष्टीतली पात्रं बनून येतात आणि सभागृहात मिरवतात. देशभर हा दिवस सुरू झाला त्याच्या कितीतरी आधी आपण तो मूर लेनमध्ये सुरू केला, असं मिसेस सग्डन भेटेल त्याला ऐकवत. त्यासाठीच त्यांनी आम्हा आठ जणांना शिवलं. माझा जन्म सभागृहाच्या जुन्या पडद्यातून झाला.

शिवताना त्यांनी केलेला भेदभाव मी आजही विसरलो नाही. पुरुषांच्या पोशाखांना समोर मोठी बटणं, दोन बाह्या, दोन खिसे. बायकांच्या पोशाखांना पाठीमागे बंद, म्हणजे गाठ मारायलाही दुसरा हवा आणि सोडायलाही. माझ्यावर तर खास मेहेरबानी. पानं एकावर एक घट्ट दिसावीत म्हणून मला बाह्याच ठेवल्या नाहीत. आतल्या मुलीचे हात आतच राहत. छातीवर निळ्या चमकीचे दोन अश्रू शिवले. मला पाहून शिक्षकखोलीतल्या सगळ्या बाया म्हणाल्या, किती गोड. मला तिथेच घाम फुटला.

कुणाला कोणता पोशाख, हे मिसेस सग्डन सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ठरवून मोकळ्या होत. त्या वर्षी जॅनिस होल्रॉइड नावाची मुलगी रोज वर्गाच्या दारात रडत उभी राहायची. झालं. तिच्या नशिबी मी आलो.

मार्चमध्ये तिला माझ्यात कोंबून पाठीमागे गाठ मारली. मी तिच्या घोट्यापर्यंत येत होतो, म्हणून तिथे जे होतं ते मला दिसलं. पायात चुलत बहिणीचे जुने बूट, एक माप लहान. टाचांपाशी मोज्यांवर वाळलेलं रक्त आणि त्यावर ताजं. सप्टेंबरपासून ती त्याच बुटांत होती. मला दिसलं, पण मला तोंड नव्हतं. ज्यांना तोंड होतं त्यांना दिसलं नाही.

मिरवणुकीत प्रत्येकाने आपापला स्वभाव करून दाखवायचा असे. जॅनिसला काही करावं लागलं नाही. ती व्यासपीठाच्या पायऱ्या चढली आणि रडली. नाक वाहायला लागलं. पुसायला हात वर येईनात. ती माझ्या आत धडपडत होती आणि मी बाहेरून हलत होतो. अख्खं सभागृह पोट धरून हसलं. इतकी खरी कोबी आजवर झाली नाही, असं म्हणत मिसेस सग्डननी तिला पहिलं बक्षीस दिलं. बाईंवरचा राग मी दुसऱ्या कुणावर काढणार? जॅनिसलाच टोचलो.

त्या दिवसापासून गावात तिचं नाव कोबी पडलं. खाटीक तिला कोबी म्हणायचा, बसचा ड्रायव्हर कोबी म्हणायचा. तिच्या लग्नात नवऱ्याच्या मित्राने भाषण केलं की आमच्या दोस्ताच्या ताटात जन्माची कोबी पडली, आणि लोक टेबलं बडवून हसले. ती मूर लेनच्याच शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली तेव्हा पोरांचे आईबाप खिडकीतून डोकावून विचारायचे, काय कोबी, आज काय शिजवलंस?

माझ्यात पुढेही मुली कोंबल्या गेल्या. मी एकीलाही सोडलं नाही, सगळ्यांना टोचलो. पेटीत माझ्या शेजारी बटाटा असायचा. त्याची मोठी पितळी बटणं माझ्या डोळ्यांत खुपत. पोट फुगलेलं दिसावं म्हणून त्याच्यात गवत भरलं होतं, आणि त्या पोटाचा त्याला कोण गर्व. एकदा त्याला घातलेला कीथ नावाचा मुलगा व्यासपीठावरून पडला, दात तुटला, तोंड रक्ताने भरलं. मिसेस सग्डन म्हणाल्या, ‘बटाटे रडत नाहीत.’ कीथ रडला नाही. पुढच्या आठवड्यात त्याने दुसऱ्या एकाचा दात पाडला.

मग मिसेस सग्डन निवृत्त झाल्या आणि आमची पेटी व्यासपीठाखाली गेली. काकडीबाईला कसर लागली. माझ्या खालच्या पानात उंदरीण व्याली. मला बरं वाटलं. निदान ती कुणाला नावं ठेवत नव्हती.

यंदा शाळेत नवे मुख्याध्यापक आले, मिस्टर थॅकरे. माणूस तरुण, बोलणं मऊ. त्यांनी पेटी ओढून बाहेर काढली आणि आम्हा चार बायकांना काळ्या पिशवीत भरायला घेतलं. जॅनिस जेवणाची टेबलं मांडत होती.

‘या चौघी बाद, जॅनिस,’ ते म्हणाले. ‘मुलींना असलं घालायला देणं म्हणजे त्यांचा अपमान आहे.’

‘आणि हे चार बाप्ये?’

‘ते ठेवू या की. धाडस, हुशारी, थोडा खोडकरपणा, ताकद. यात वाईट काय आहे? आता आपल्या मुलीसुद्धा बटाटा होतील.’

‘मी रोज पोतंभर बटाटे सोलते, सर. त्यात बहाद्दर कुणी दिसला नाही मला.’

ते कसनुसं हसले. म्हणजे पाहा, मित्रांनो. इतकी वर्षं माझा छळ केला आणि न्याय करायची वेळ आली तेव्हा कचऱ्यात कोण? मी. बटाटा पेटीतून दात काढत होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला तळपाय नाही, मस्तकही नाही, तरी गेली.

‘ती पिशवी मला द्या,’ जॅनिस म्हणाली. ‘एकीशी माझं जुनं वैर आहे.’

तिने मला घरी नेलं ते जाळायला. मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपात तिने कागद पेटवले. तेवढ्यात तिची नात लेक्सी बाहेर आली. पाच वर्षांची, गुडघे फुटलेले, याच शाळेत नव्याने जाणारी.

‘आजी, हे काय गं?’

‘सरपण.’

‘खोटं. कोबी आहे ही. तुझीच ना?’

जॅनिसचा हात थांबला. ‘तुला कुणी सांगितलं?’

‘सगळे सांगतात. काल मी फाटकाशी रडले ना, तर रस्ता ओलांडून देणारी डेब म्हणाली, ही बघा आली कोबीची नात.’

जॅनिस मला दोन्ही मुठींत धरून होती, म्हणून मला कळलं. तिच्या मुठी आवळत गेल्या. इतकी वर्षं तिने ते नाव हसून घेतलं होतं. पण ते आता तिच्यापाशी थांबणार नव्हतं. ते पोरीच्या मागे लागलं होतं.

‘का रडलीस?’ तिने विचारलं.

‘दात हलतोय माझा. झोपेत गिळला तर?’

‘मग काल का नाही बोललीस?’

‘तू म्हणालीस, पुरे आता.’

 पिंपात कागद जळत राहिले.

‘मी पुस्तक दिनाला हाच घालणार,’ लेक्सी म्हणाली.

‘मी मेले तरी घालू देणार नाही. बटाटा हो. सगळ्या होणारेत.’

‘नको. बटाट्याला दिवसभर बहाद्दर राहावं लागतं. मला कंटाळा येतो.’

‘लोक चिडवतील, बाळा. जन्मभर चिडवतात. तुला माहीत नाही.’

‘आताच चिडवतात. पोशाख न घालता.’

 जॅनिसने पिंपावर झाकण टाकलं, मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटलं आणि मटण कापायची मोठी कात्री घेतली. मित्रांनो, कात्री लागते तेव्हा कपड्यालाही कळतं. तिने दोन्ही बाजूंनी मला फाडलं आणि हातांसाठी भोकं केली. पाठीचे बंद उपटून टाकले. समोरून मला उभं चिरलं आणि आपल्या जुन्या कामाच्या कोटाची बटणं लावली. अश्रू उसवायला सुई घातली, तर लेक्सीने तिचं मनगट धरलं.

‘ते राहू दे. मला रडायला येतं कधीकधी. पण नाक माझं मी पुसणार.’

पुस्तक दिनाला नेहमीसारखाच पाऊस होता. मिसेस सग्डन परीक्षक म्हणून पहिल्या खुर्चीवर बसल्या होत्या, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून. अजून दर वर्षी येतात. लेक्सीच्या अंगावर मला पाहून मिस्टर थॅकरे पांढरे पडले. बाईंचा चेहरा मात्र फुलला.

‘अरे वा, माझी कोबी! पण हे काय? भोकं कुणी पाडली हिला?’

‘मी पाडली, मिस,’ जॅनिस म्हणाली. जेवण वाढायच्या खिडकीत ती रश्श्याचा डाव घेऊन उभी होती.

‘का गं कोबी? चांगला कपडा नासवलास.’

‘जॅनिस.’

‘हो हो, जॅनिस. सगळी गंमत त्या बंद पानांत होती.’

‘गंमत तुम्हाला होती. माझे बूट चावत होते.’

‘कधी?’

‘तेव्हा. टाचा सोलून निघाल्या होत्या माझ्या. म्हणून रडत होते.’

 मिसेस सग्डननी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘मग सांगायचं नाहीस का?’

‘तुम्ही विचारलंत का?’

‘तीस पोरं होती माझ्या वर्गात. एकेकाला विचारत बसले असते तर शिकवलं कधी असतं?’ त्यांनी जॅनिसकडे पाठ केली. ‘चल गं पोरी, रडून दाखव.’

लेक्सी उभी राहिली आणि तिने सभागृहाकडे पाहिलं. तिला रडायला येत नव्हतं. पण रडण्याचा आवाज तर येत होता. तो बटाट्यातून येत होता.

बटाट्याच्या आत टिली नावाची मुलगी होती. बटाटा व्हायला वर्गात भांडणं झाली होती आणि तिचा नंबर लागला होता. आता ती पायावर पाय घट्ट दाबून व्यासपीठावर उभी होती आणि तिचा चेहरा लालबुंद झाला होता.

‘बटाटे रडत नाहीत,’ मिसेस सग्डन म्हणाल्या.

‘शाबास, टिली,’ मिस्टर थॅकरे खालून म्हणाले. ‘तू धाडसी मुलगी आहेस ना? धाडसी मुली रडत नाहीत.’

एक जुन्या बाई आणि एक नवे सर. दोघांच्या तोंडी तेच वाक्य. मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं.

लेक्सी तिच्याजवळ गेली. माझ्या भोकातून तिचा हात बाहेर आला. तिने माझंच एक पान ओढून टिलीचं नाक पुसलं. कोणाची परवानगी? माझी तर नाहीच.

‘काय झालं गं?’ तिने विचारलं.

टिली तिच्या कानाशी लागली. मी मध्येच होतो, म्हणून ऐकलं. ‘शू लागलीय. बटणांपर्यंत हात पोचत नाहीत.’

तेव्हा मी पहिल्यांदा बटाट्याकडे नीट पाहिलं. ज्या बटणांचा मी जन्मभर हेवा केला, ती त्या गवताच्या पोटापलीकडे होती. आतल्या मुलाचे हात तिथवर कधी पोचलेच नसणार. कीथचेही नाहीत. आणि मी समजत होतो की कोंडलेला एकटा मीच.

लेक्सीने ती बटणं सोडली आणि टिलीला हाताला धरून पळवत नेलं. दोघी वेळेवर पोचल्या की वाटेतच झाली, ते मी सांगणार नाही. माझ्या खालच्या पानांना विचारा.

व्यासपीठावर रिकामा बटाटा तेवढा पडून राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं जेवायला बसली. मिसेस सग्डन सर्वांत शेवटी उठल्या आणि काठी टेकत खिडकीपाशी आल्या. जॅनिसने त्यांच्या ताटात रस्सा वाढला. 

‘आता बूट कसे आहेत, जॅनिस?’

‘एक माप मोठे घेते, मिस. तेव्हापासून.’

मिसेस सग्डन ताट तिथेच ठेवून खुर्चीवर बसल्या. मला त्यांची दया आली नाही. तुम्हाला आली असेल तर ती तुमची बाब.

आता मी पेटीत नसतो. स्वयंपाकघरात जॅनिसच्या कोटाशेजारी खुंटीला टांगलेला असतो आणि मला तळलेल्या माशांचा वास लागला आहे. गावातला खाटीक तिला अजून कोबीच म्हणतो. ते काही आता सुटायचं नाही. पण डेबने परवा फाटकाशी लेक्सीला लेक्सी अशी हाक मारली. जॅनिस समोर उभी होती, म्हणूनही असेल.

शेवटी मला जपा, सांभाळा, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. मला जपू नका. मी नुसता कपडा आहे, फाटलो तर फाटलो. पण एखादं मूल दारात रडताना दिसलं, तर त्याला नाव ठेवण्याआधी खाली वाकून त्याचे बूट बघा. आणि मला हात लावू नका. मी अजून टोचतो.